काल रात्री इथे किती जण झोपले?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेवढ्याच बळावर लिहायला बसणं हे धाडस आहे, वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण चूक माझ्या हातून झाली, म्हणून ती मीच सांगायला हवी.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुरतेत, उधन्याच्या एका चाळीत, आम्ही खानदेशातले बारा जण एका खोलीत राहत होतो. पाच दिवसपाळीला, सहा रातपाळीला, आणि मी दिवसा कॉलेजात. खाटाही सहाच. एक उठला की दुसरा आडवा होई. लूमवरच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरच्या, तंतूंनी वडिलांची छाती भरत चालली होती. या खोलीत पुढचा हिवाळा निघायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावाबाहेर नवी सरकारी घरं होत होती, आणि ती जास्त दाटीच्या चाळींना आधी मिळणार होती.

ही दाटी सरकारच्या वतीने आमचे अर्थशास्त्राचे सर आम्हा विद्यार्थ्यांकडून मोजून घेणार होते. त्यांनी फळ्यावर देशांची यादी लिहिली, आणि प्रत्येक देशापुढे एका खोलीत किती माणसं तो आकडा.

"मिळकत विचारली की लोक खोटं बोलतात," सर म्हणाले. "झोपायची जागा खोटं बोलत नाही. पण प्रश्नातला एकही शब्द बदलू नका. बदललात तर इतर देशांशी तुलना होणार नाही."

प्रश्न छापलेला होता : काल रात्री इथे किती जण झोपले?

आमच्या चाळीचे फॉर्म माझ्याकडे आले. मी आमच्याच खोलीपासून सुरुवात केली. वडिलांच्या जोडीला रातपाळी करणारे काका खाटेवर बसून हसले.

"रातले मी लूमवर राहस, भाऊ. मन्हा जागावर मच्छर झोपतस. त्यास्नं बी नाव लिखी ले!"

सगळे हसले. वडीलही हसले, पण त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. मी पेन धरून तसाच उभा राहिलो. बारा लिहावं असं मनात आलं होतं. पण प्रश्न रात्रीचा होता, आणि सरांना विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. मी सहा लिहिलं. मग चाळीतल्या प्रत्येक खोलीत तसंच, रातपाळीवाले वगळून, लिहीत गेलो.

पुढे सरांनी वर्गात तक्ता लावला. आमची चाळ एका बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी देशाच्या ओळीत बसली होती. सरांनी माझी पाठ थोपटली. खरा आकडा दुप्पट आहे हे माहीत असूनही मी तो तक्ता वहीत उतरवून घेतला.

दिवाळीत मी गावी गेलो होतो. तिथे काकांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं : "नव्या घरांची यादी लागली. आपली चाळ त्यात नाही. तुझ्या वडिलांना काल दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही."