खिडकीखालचा कापूस

माझी मोठी बहीण भाऊबीजेला आली की आठवडाभर राहते, आणि तेवढ्यात माझ्या घराची वर्षभराची शिस्त मोडते. मला तिचा राग येतो. तो मी लपवत नाही.

दिवाळीच्या सुमारास वेचलेला कापूस आमच्या समोरच्या खोलीत असतो. अर्धी खोली त्यानंच भरते, पार खिडकीपर्यंत. उरलेल्या अर्ध्यात पाहुणे, टीव्ही आणि माझी पाच वर्षांची मुलगी. म्हणून तिला नियम घालून दिला आहे: खेळून झालं की बारा ठोकळे आणि बाहुली मोजून टोपलीत. ज्याची वस्तू, त्यानंच उचलायची. दुसरा नियम तिच्या आईचा. राग आला तर फेकायचं नाही. कुणाचा आला, काहून आला, ते तोंडानं सांगायचं आणि मग आवरायला लागायचं. एवढं शिकवायला आम्हाला अख्खा पावसाळा पुरला नाही.

बहिणीला हे बघवत नसे.

"लेकरू आहे का गडी आहे तुह्या घरचा? मोजून ठेव म्हणे! आतापासून कचेरीत लावतं का पोट्टीले?"

असं म्हणून ती टोपली ओढून घ्यायची आणि पटापट सगळं स्वतःच भरायची. मुलगी रडायची, कारण तिचं मोजणं अर्ध्यावर राहायचं. बहीण म्हणायची, लाडावली आहे.

त्या सकाळी व्यापारी कापूस पाहायला येणार होता. मी त्याला घ्यायला चौकात गेलो. परत आलो तर खोली लख्ख. बहीण खाटेवर ऐटीत बसलेली. व्यापाऱ्यानं रीतीप्रमाणे ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. ओल आतच कळते. हात बाहेर आला तो बाहुलीची तंगडी धरून.

"भाऊ, अवंदा बाहुल्या पेरल्या होत्या का?"

कापसात प्लास्टिक निघालं की सरकी काढणारे जिनिंगवाले गाडीच उभी करू देत नाहीत. "सारं साफ करा, मंग पाहू," म्हणत तो चहा न घेताच गेला.

बहीण उठलीच. "ह्या पोट्टीचेच धंदे!"

"मी नाही टाकलं, आत्या," मुलगी म्हणाली. पुढचं वाक्य यायच्या आत तिच्या गालावर चापट बसली.

कापूस आज ना उद्या विकला जाणारच होता. मी मुलीकडं पाहत होतो. खरं बोलल्यावर मार बसतो, हे तिनं एकदा मनात धरलं की आमचा सगळा पावसाळा वाया.

ती हुंदके देत दाराशी कापूस उकरायला लागली. बहिणीची चष्म्याची डबीही सकाळपासून सापडत नव्हती, त्यामुळं ती आणखी तापलेली. शेवटी वैतागून ओरडली, "तिकडं काय उकरून राह्यली? खिडकीखाली पाह्य ना!"

माझी बायको कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"खिडकीखाली आहे हे तुले कसं माहीत, बाई?" मी विचारलं.

"पसारा पडला होता, व्यापारी येऊन राह्यला होता. सारं लोटलं आत घाईत. मंग आता फाशी देतं का मले?"

मुलगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मले तुहा राग आला. तू टाकलं आन् मले मारलं."

"पाह्य, जबान कशी चालते इची!"

"आम्हीच शिकवली," मी म्हणालो.

मुलगी खिडकीखाली बसली. एकेक ठोकळा मोजत टोपलीत टाकू लागली. बारा झाले. वर बाहुली ठेवली. मधे चष्म्याची डबी तिच्या हाताला लागली होती. तिनं ती पाहिली आणि परत कापसात ठेवून दिली होती.

"हे मही नाही."

बहीण माझ्याकडं वळली. "काढून दे ना रे."

"ज्याची त्यानं, बाई."

"मी पाहुणी आहो!"

मी जागचा हललो नाही. बायकोही नाही. मग पदर खोचून, गुडघे टेकून ती ढिगात शिरली.

दुपारच्या एसटीनंच ती निघाली. अंबाड्याला मागून कापूस चिकटलेला होता. सांगू का, म्हणून बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हटलं.