बातम्यांतली मुलगी

आम्ही आखातात, मदिनत खलीफात राहायचो तेव्हा सासूबाई वसईहून आमच्याकडे राहायला आल्या. मी दिवसभर हॉस्पिटलात, नवरा ऑफिसात, आणि मुलगा शाळेतून आला की इंग्रजीतच बोलायचा. त्यांच्याशी मराठीत बोलायला दिवसा कुणीच नसे. गच्चीवरच्या डिशमुळे एक मराठी चॅनल मात्र दिसायचं. त्यावर दुपारी बातम्या सांगणाऱ्या मुलीशी सासूबाई चक्क गप्पा मारत. "आज साडी शोभते हो तुला," असं तिला सांगत.

मग ते चॅनल दुसऱ्या मालकाने विकत घेतलं. बातम्या बंद झाल्या आणि दिवसभर हिंदी गाणी लागू लागली.

"चॅनल विकलं तर विकलं, पण त्या पोरीचं काय केलं?" सासूबाईंनी मला विचारलं. त्या संध्याकाळपासून रोझरी झाली की त्या तिच्या नोकरीसाठी एक प्रार्थना जास्तीची म्हणू लागल्या.

काही महिन्यांनी नवऱ्याने डिश दुसऱ्या सॅटेलाइटकडे वळवली. मी रिमोटवर चॅनल शोधत होते, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "थांब, थांब! हीच ती!" एका नव्याच चॅनलवर ती बातम्या सांगत होती. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"आजी, हू इज शी?" मुलाने विचारलं.

"आपलीच आहे रे," त्या म्हणाल्या, आणि उठून पदराने टीव्हीची काच पुसू लागल्या.