संध्याकाळी आजारी पडणारी विमानं

आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं आणि आम्ही कोंढ्याकडच्या पुनर्वसनाच्या गावात राहायला आलो. नवं गाव म्हणजे आखलेले रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट आणि सावलीला एक झाड नाही. घर चारी बाजूंनी टिनाचं आणि वरूनही टिनाचंच. उन्हाळ्यात माय म्हणायची, "चूल कायले पेटवाची? तांदळाचा गंज टिनावर ठेवला तं भात शिजून जाईल." बाबा दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचे, माय धानाच्या रोवणीला जायची. मी आणि धाकटी बहीण, दोघींत एक दप्तर. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची. शाळेच्या फाटकाशी दप्तराची बदली व्हायची आणि तिच्या डब्यातली भाताची शितं माझ्या भूगोलाच्या पुस्तकात चिकटलेली मिळायची.

पवनीच्या कॉलेजातून मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी मिरवून सांगते. कोणाला टोचत असेल तर टोचू दे. बाबांनी त्याच दिवशी मार्कशीट लॅमिनेट करून आणली. पुढे सरकारी शिष्यवृत्तीतून वैमानिक प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली, तेव्हा कारकुनानं ती मार्कशीट उलटसुलट करून विचारलं, "आता याच्यावर शिक्का कुठं मारू?" बाबा म्हणाले, "प्लास्टिकवरच मारा ना जी. पाणी लागलं तरी खराब नाई होनार." दुसरी प्रत आणायला आठवडा गेला.

नोकरी लागली ती छोट्या शहरांना जाणाऱ्या कंपनीत. दोन पंख्यांचं, सत्तर सीटचं विमान. मी उजव्या बाजूची, म्हणजे सहवैमानिक. तिथली एक रीत मला पहिल्याच महिन्यात कळली. विमानात एक वही असते. काही बिघडलं, खटकलं, की त्या वहीत लिहायचं. पण एकदा लिहिलं की इंजिनिअरनं तपासून सही करेपर्यंत विमान जागचं हलत नाही, आणि छोट्या गावांत इंजिनिअर नसतो. म्हणून दिवसभर कोणी काही लिहायचं नाही. मुक्कामाच्या शहरात पोचल्यावर लिहायचं. त्यामुळे आमची विमानं दिवसभर ठणठणीत असायची आणि संध्याकाळी घरी पोचली रे पोचली की एकदम आजारी पडायची. कुणाचा दिवा गेलेला, कुणाचा ब्रेक ओढतो आहे. मीही तेच करत होते. साळसूदपणाचा आव आणत नाही.

मग कॅप्टन होणाऱ्यांची यादी निघाली. तीन नावं, दुसरं माझं. महिनाभर काही गडबड झाली नाही तर डावी सीट माझी.

त्याच महिन्यात मायबाबांना मी माझ्याकडे आठ दिवस आणलं आणि परत जाताना माझ्याच विमानात बसवलं. आमच्या जिल्ह्यात विमान उतरत नाही. शेजारच्या जिल्ह्यात उतरतं, तिथून पुढे एसटी. मायनं माझ्यासाठी आणलेली लाखोळीची डाळ मला जास्त झाली, म्हणून निम्मी पिशवी तिनं परत चालवली होती, वरच्या कप्प्यात ठेवून.

विमान मी उतरवत होते. बाबा मागे बसलेत म्हणून इतकं अलगद उतरवायचं ठरवलं, इतकं अलगद, की शेवटी जमिनीचा अंदाज चुकला आणि विमान धाडकन आपटलं. कप्पा उघडला. लाखोळी सगळ्या विमानभर पांगली.

कॅप्टन साहेब निवृत्तीला टेकलेले, उत्तरेकडचे, स्वभावानं भले. ते एवढंच म्हणाले, "चलो, पहुँच तो गए."

मी खाली उतरून चाकांभोवती फेरी मारली. बाहेरून काही मोडलेलं दिसत नव्हतं. पण आतलं बाहेरून दिसत नाहीच. तिकडे बाबा पायऱ्यांजवळ उभे राहून उतरणाऱ्या एकेका प्रवाशाला सांगत होते, "माही पोरगी होय. तिनंच उतरवलं." लोक कमरेला हात लावून त्यांच्याकडे बघत पुढे जात होते.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बेटा, आधे घंटे में यही जहाज वापस जाना है. शाम को बेस पर बोल देंगे. लिस्ट में नाम है तेरा. अपने हाथ से काटेगी क्या?"

मी "हो सर" म्हटलं. खरंच म्हटलं.

माय पदरात लाखोळी गोळा करून सगळ्यांच्या शेवटी उतरली. तिनं विमानाखाली वाकून बघितलं. "काहून वो बाई, एवढं आपटलं, याले खालून कोनी पाह्यलं का?"

"संध्याकाळी सांगणार आहे माय."

"आनि तवपर्यंत?"

"तवपर्यंत लोकं घेऊन परत जाऊन राहिलो."

"मी बी तसंच केलं होतं. धानाच्या बांधीत साप दिसला. म्हटलं, दुपारी जेवाच्या वक्ती सांगीन साऱ्यायले, आत्ता कायले रोवणा थांबवाचा? अन् संगं रोवणारी ते सिंधूरवाली बाई सकाळीच त्याच्यावर पाय देऊन बसली."

"चावला?"

"धामण होती. पण बाई अर्धा कोस पळाली. माह्याशी सालभर बोलली नाई."

मी वर जाऊन वही काढली. लिहिलं: विमान जोरात उतरलं, तपासणी व्हावी, विमान मी चालवत होते. पण सही कॅप्टनचीच लागते. साहेबांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तेरा दिमाग ठीक है?"

"लँडिंग ठीक नव्हतं सर, दिमाग ठीक आहे."

बराच वेळ पुटपुटत त्यांनी सही केली आणि रागानं पेन आपल्या खिशात घातलं. पेन माझं होतं.

नागपूरहून इंजिनिअर गाडीनं येईपर्यंत परतीचे प्रवासी ताटकळले. बाबा त्यांच्यात जाऊन बसले होते. "विमान काहून थांबलं?" असं कोणी करवादलं की बाबा छाती काढून सांगायचे, "माह्या पोरीनं थांबवलं!" शेवटी मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि एसटी स्टँडच्या ऑटोत बसवलं. जाता जाता ऑटोवाल्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

इंजिनिअर चाकांत डोकं घालून तासभर राबला. काहीही सापडलं नाही. ऑफिसातून मला फोन आला.

"कुछ निकला नहीं, तो लिखा क्यों?"

"काही बिघडलं नाही, हे लिहिल्यावरच कळलं ना साहेब."

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. यादीतून नाव गेलं, उतरण्याचा सराव नव्याने, परीक्षा नव्याने. माझ्या मागचा मुलगा कॅप्टन झाला. त्यानं पेढे दिले, मी दोन खाल्ले. बाकीचे मला "लेखिकाबाई" म्हणू लागले. "लेखिकाबाई, आज कोणतं प्रकरण लिहिलं?" हसणाऱ्यांतल्याच एकानं पुढे मला गुपचूप विचारलं, पंखा थरथरतो आहे, वहीत कसं लिहू? मी म्हटलं, "पंखा थरथरतो, असं लिही."

सुट्टीत गावी गेले तर चौकात फ्लेक्स: 'गावची लेक कॅप्टन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाबांनी यादी ऐकल्याबरोबर छापून घेतला होता.

"बाबा, काढा तो. मी नाही झाले."

"राहू दे ना. होशीलच तं. परत कायले छापाचा?"

वर्षभर तो तसाच राहिला. येणारा-जाणारा मला "कॅप्टन" म्हणून हाक मारायचा आणि मी "अजून नाही" म्हणायचे. लोकांना वाटायचं, पोरगी फार नम्र आहे.

पुढच्या वर्षी यादी पुन्हा निघाली. परीक्षा दिली, पास झाले. आज मी कॅप्टन आहे, डाव्या सीटवर बसते, आणि माझ्या विमानात जे बिघडतं ते, जिथं बिघडतं तिथंच लिहिलं जातं.