वाक्य पुरं होईपर्यंत

दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंबद्दल लोकांची एकच तक्रार आहे: त्यांची रांग सरकत नाही. एखादे आजोबा शब्द शोधत उभे राहिले, की बाई पेन खाली ठेवतात आणि वाट बघतात. मागून कुणी ‘अहो, त्यांना रिपोर्ट हवाय’ अशी समाजसेवा केली, तर ‘तुमचा नंबर आला की तुम्ही बोला’ एवढंच ऐकायला मिळतं.

याच बाईंना शाळेत ‘घुमी’ म्हणत. तिच्या वतीने बोलण्याचं खातं आईकडे होतं. पाहुण्यांनी ‘काय गं, काय आवडतं तुला?’ असं विचारलं, की उत्तर स्वयंपाकघरातून यायचं. आपल्याला काय आवडतं, हे घुमीलाही बरेचदा तेव्हाच कळे.

तिच्या बाकावरची मुलगी अडखळत बोलायची. वर्गाने तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं होतं. तिचं वाक्य अडलं की जो तो ते पुरं करून टाकी, बहुतेक वेळा चुकीचं. घुमीकडे मध्ये घुसडायला शब्दच नसत. ती नुसती थांबायची. रेडिओला असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता.

‘तू ग-गप्प असतेस ते बरंय,’ ती एकदा म्हणाली, ‘पण म-मलाही कधी ऐकू दे की.’

मग डबा खाताना घुमी थोडंथोडं बोलू लागली. फक्त तिच्याशी.

एके दिवशी प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट फुटलेलं सापडलं. प्रयोगशाळेची किल्ली रेडिओने नेली होती. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावलं. शाळेतून नाव काढायचं, हे आधीच ठरलं होतं. घुमी सोबत गेली, म्हणजे दारापर्यंत.

‘बाई, मी... मी...’

‘...मी फोडलं, असंच ना? कबूल केलंस ते बरं झालं.’ मुख्याध्यापिकांनी लिहायला घेतलं.

‘तिचं वाक्य संपलेलं नाही,’ दारातून आवाज आला. तो आपलाच आहे, हे कळायला घुमीला जरा वेळ लागला.

‘तुला कुणी विचारलं?’

‘कुणी नाही. तिलाही कुठे विचारलंय?’

‘बाहेर हो.’

‘वाक्य संपलं की होते.’

बाईंनी पेन आपटलं. पंखा कुरकुरत राहिला. घुमी दारातून हलली नाही.

‘मी... मी क-किल्ली सकाळीच तुमच्या ट-टेबलावर ठेवली होती.’

चहा घेऊन आलेले शिपाईमामा खाकरले. ‘ती मग मी नेली, बाई. झाडायला.’

रेडिओ सुटली. घुमीच्या आईला मात्र बोलावणं गेलं: मुलगी उद्धट झालीय. आईने सवयीने, मुलीच्या वतीने, माफी मागायला तोंड उघडलं.

‘आई, माझं मी बोलते,’ घुमी म्हणाली.

आणि तिने माफी मागितली नाही.