मोझेलकाठचं गाव

अमेरिकेत फ्रीमाँटला लेकीकडे राहायला आलेल्या सुलभाताई पूर्वी नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एका चिमुकल्या गावानं त्यांना वेड लावलं होतं. नदीचा मोठा वळसा, उतारावरचे रोमन काळापासूनचे द्राक्षमळे, घरांच्या भिंतींवर कोरलेल्या जुन्या पुरांच्या खुणा, सगळं त्या मैत्रिणीला, नीनाला, रोज फिरताना रंगवून सांगायच्या. दोघींनी मिळून तिथं जायचंही ठरवलं होतं. पण वसंतात नीना म्हणाली, "ट्रिप कॅन्सल केली गं."

गणपतीच्या कार्यक्रमात नीना त्याच गावावर बोलायला उभी राहिली. पडद्यावरच्या फोटोत ती पुराच्या खुणांशेजारी हसत होती. वाक्यं मात्र सगळी सुलभाताईंची.

टाळ्या थांबल्यावर सुलभाताईंनी तिला गाठलं. "मला न सांगता गेलीस?"

"अगं, तुझे गुडघे असे. मी ज्या ग्रुपबरोबर गेले, त्या सगळ्यांना तुझ्यासाठी थांबावं लागलं असतं."

सुलभाताई तडक लेकीच्या गाडीत जाऊन बसल्या.

"आई, आपण दोघी जाऊ," लेक म्हणाली.

"नको. त्या गावाचं आता नावही काढू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून त्या एकट्याच फिरायला निघू लागल्या, नीनाचं घर टाळून, लांबच्या रस्त्यानं.