एक रिंग म्हणजे पोचलो

सीमेपलीकडे भाजीचा ट्रक नेणाऱ्या या माणसाला नाक्यावर सगळे घुम्या म्हणायचे. सतरा वर्षं तोच रस्ता, तीच रांग, तोच शिक्का. बोलणं मुळात कमी, नाका ओलांडला की तेही बंद, कारण पलीकडे रोमिंग. फोन केला तरी भुर्दंड, उचलला तरी भुर्दंड. म्हणून नवरा-बायकोने आपली खूण ठरवली होती. त्याने एक रिंग देऊन फोन ठेवला, की तो पोचला. तिचा फोन त्याने कापला, की तो ठीक आहे. अगदीच अडलं, तर तिने लागोपाठ तीनदा करायचा. तशी वेळ कधी आली नाही. संसार फुकटात चालला होता आणि दोघांना त्याचं कौतुकही होतं.

मग दोन्ही देशांच्या सरकारांना सुबुद्धी सुचली. एक तारखेपासून पलीकडेही घरच्याच दरात बोला, असा नियम आला. त्या दिवशी रांगेतले ड्रायव्हर घशाला कोरड पडेपर्यंत बोलत होते. कंपनीचा मेसेज घुम्यानेही वाचला होता. पण दुपारी माल उतरवताना बायकोचा फोन आला आणि अंगठ्याने तो कापला. हाताला सवय, डोक्याला खबर नाही. पुन्हा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं समजून तो क्रेट उतरवत राहिला.

संध्याकाळी लेकीचे लागोपाठ तीन फोन आले. तिसरा त्याने उचलला. बायको स्वयंपाकघरात कोसळली होती, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

चार दिवसांनी त्याने लेकीला विचारलं, "दुपारी तिला बरं वाटत नव्हतं का? म्हणून केला होता फोन?"

"नाही बाबा, चांगली होती. खिडकीशी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आज निवांत बोलते त्यांच्याशी."

"काय बोलायचं होतं?"

"काही नाही. नुसतंच. तुम्ही कापलात तर हसली. म्हणाली, ठीक आहेत."

आता रडू येईल, असं त्याला वाटलं. आलं नाही. दाढ काढण्याआधी सुई देतात, तसं आत सगळं बधिर होतं. तो जेवला, झोपला, आठवड्याने कामावर गेला.

नाका ओलांडल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, बायकोच्या नंबरावर एक रिंग दिली आणि फोन ठेवला. लगेच उलट फोन आला. पडद्यावर बायकोचं नाव होतं. तिचा फोन आता लेकीकडे असतो, हे त्याला ठाऊक होतं. अंगठा लाल बटणाकडे गेला, तो त्याने मागे घेतला.

"बोल," तो म्हणाला.

"काही नाही बाबा," लेक म्हणाली, "नुसतंच."

घुम्या फोन कानाला धरून बसून राहिला.