कोऱ्या फॉर्मवरचे अंगठे

माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्याच भांडवलावर मला ते काम मिळालं. डी.एड. होऊन दोन वर्षं मी घरात बसून होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि शिक्षिकेची नोकरी काही लागत नव्हती. भिवंडीत त्या उन्हाळ्यात गॅस्ट्रोची साथ येऊन गेली. साथ ओसरल्यावर एका संस्थेनं सर्वेक्षणाचं काम घेतलं. कापडाच्या लूमवर कामाला जाणाऱ्या बायकांची मुलं घरी सांभाळणाऱ्या ज्या बायका होत्या, त्यांना गाठायचं आणि साथीचा त्यांच्यावर काय परिणाम झाला ते विचारून फॉर्म भरायचे.

आमचे साहेब पान खायचे आणि चुन्याची बोटं हाताशी असेल त्या कागदाला पुसायचे. कामाची पद्धत त्यांनी पहिल्याच दिवशी समजावली. आधी अंगठा, मग प्रश्न. ‘‘बायकांच्या मागे पोरं असतात, मधूनच उठून जातात. मग एका अंगठ्यासाठी परत खेप कोण घालणार? कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेव, उत्तरं वहीत टिपून आण. रकाने इथे बसून भरू.’’ मला ही केवढी हुशारी वाटली. सगळ्या फॉर्मवर खाली ‘माहिती घेणार’ म्हणून मी सहीसुद्धा आधीच करून टाकली.

नारपोलीत एका मावशीकडे गेले. ती मूळची खारबावकडची, लग्न होऊन इथे आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एका खोलीत नऊ मुलं सांभाळायची. त्यांच्या आया शेजारच्या कारखान्यांत मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायच्या. गल्लीत शिरल्या शिरल्या मी नाकाला पदर लावला. मावशीच्या दारात पोचल्यावर तो काढला, पण तिनं पाहिलं होतंच.

‘‘लाव, लाव,’’ ती म्हणाली. ‘‘आमाला सवय हाय.’’

अंगठा तिनं लगेच दिला. मग मला हाताला धरून बाहेर नेलं आणि काठीनं गटार ढवळून दाखवलं. काळ्या चिखलाच्या आतून पिण्याच्या पाण्याचा पाइप गेला होता. जोडाला कुणीतरी चिंधी गुंडाळलेली, आणि ती कुजून गटारातलाच एक भाग झालेली. नळाला पाणी यायचं ते आधी घाण यायचं, मग पिवळं, मग आपलं साधं.

‘‘म्हून मी उकळते,’’ मावशी म्हणाली. आत स्टोव्हवर मोठं पातेलं खरंच उकळत होतं, नि थंड झालेलं पाणी दुसऱ्या हंड्यात फडक्यानं झाकलेलं होतं. पोरांपैकी कुणी नळाकडे गेलं की ती अशी ओरडायची की मीही दचकले.

तरी साथीत तिच्याकडची एक मुलगी गेली होती. दीड वर्षाची. रात्री आपल्या घरी जुलाब सुरू झाले, सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्या दिवसापासून गल्लीत कुजबुज होती, की मावशीनं पाजलेल्या पाण्यानं मेली. नऊपैकी चार मुलांच्या आया आता दुसरीकडे बघत होत्या.

‘‘बाय, बाकी काय लिवायचं ते लिव,’’ ती म्हणाली. ‘‘पर माझ्या हातानं न्हाय मेली ती पोर. येवढं लिव.’’

मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

ऑफिसात वही उघडली तर साहेबांनी ती वाचलीही नाही. टेबलावर भजी आली होती. एकेक भजं तोंडात टाकत ते सांगत गेले नि मी लिहीत गेले. पाणी उकळून देता का? नाही. मुलांचे हात धुता का? नाही. आजाराचं कारण? सांभाळणाऱ्या बाईची अस्वच्छता. मी पाइपचं म्हणाले. ‘‘पाइप लिहिला की पुढचं काम गेलं,’’ साहेब म्हणाले. ‘‘पाइप ज्यांचा, पैसे त्यांचे.’’ आणि हसले. त्यांच्या दातांत बेसन अडकलं होतं. पहिल्या ‘नाही’ला माझा हात अडखळला. मावशीचा फॉर्म आला तोवर तो सराईत झाला होता. वळणदार अक्षरात मी तेही लिहिलं. त्या माणसाची किळस येते म्हणावं, तर त्याच्या हातात पेन नव्हतं.

महिन्याभरात कुठल्याशा कचेरीतून दोन माणसं नारपोलीत गेली आणि मावशीच्या दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून आली, की इथे मुलं ठेवायची नाहीत. बाईनं स्वतःच अंगठा देऊन कबूल केलंय.

मावशी पत्ता विचारत विचारत आमच्या घरी आली. माझ्याशी भांडायला आली असं वाटून मी आत पळाले. पण तिला अर्ज लिहून हवा होता. कुणीतरी मागाहून फॉर्म बदलला, अशी तिची खात्री होती. ‘‘तू पायलंस ना पानी उकळताना? मग तूच लिव.’’ आईनं तिला बसवून चहा दिला. मी अर्ज लिहिला, त्यात सगळं खरं लिहिलं आणि तिला वाचून दाखवला. तो मीच देते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चुन्याच्या बोटानं माझी सही दाखवली. ‘‘अर्ज खरा, तर फॉर्म खोटा. मग कोऱ्या कागदावर अंगठा कोणी घेतला, तेही लिही. आणि मग शिक्षिका हो.’’

मी अर्ज उचलला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. तो पुन्हा बाहेर काढलाच नाही.

पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली. नारपोलीतून जाताना एकदा मावशी समोरून आली. केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. आता तीच कांड्या भरायला जात होती. मला चुकवायला जागा नव्हती. तिच्यासोबत आणखी दोन बायका होत्या. माझा हात धरून ती त्यांना सांगायला लागली, ‘‘सगळ्यांनी मला पोरखाऊ म्हटलं. ही येकटी माझ्याकडनं उभी रायली. वरच्यांनी अर्ज न्हाय आयकला, त्याला ही तरी काय करनार? हिनं खरं लिवलं.’’

त्या दोघी माझ्याकडे आदरानं बघत होत्या. मी ‘हो’ म्हणाले.